नेपाळला जाणाऱ्या छोलदाऱ्या

शुक्रवार, २० ऑगस्ट १९५४

हुकूम आला. मुरारच्या कोठारातल्या एकशेवीस छोलदाऱ्या, म्हणजे लहान तंबू, तीन आठवड्यांच्या आत रेल्वेत चढवायच्या. नेपाळात पुरानं गावंच्या गावं नेली, डोंगर खचले, माणसं उघड्यावर पडली आहेत. आपलं सरकार धान्य, औषधं, कपडे पाठवतंय. तंबू आमच्याकडून.

मुकुंदराव स्वतः जीप घेऊन आले होते. मदत-कचेरीतले नवे साहेब. वय तिशीच्या आत, पण बोलणं घरंदाज. मला अजून ‘आपण’ म्हणतात. म्हणाले, “कान्होजीराव, आपल्या दरसालच्या अहवालात एकशेवीसच्या एकशेवीस दुरुस्त आहेत. मी तोच आकडा वर कळवला.”

मी म्हटलं, “हो साहेब.”

ते गेल्यावर बराच वेळ दारातच उभा होतो.

शनिवार, २१ ऑगस्ट

वहीशी खोटं बोलून काय करू. इथं तरी लिहितो.

रियासत होती तेव्हा कोठारात आठ खलाशी होते. खलाशी म्हणजे तंबू ठोकणारे, उचलणारे. दर आश्विनात सगळा माल मैदानावर काढायचा, उभा करायचा, चार दिवस उन्हं खाऊ द्यायची, मग कडुनिंबाचा पाला घालून घड्या. अठ्ठेचाळीस साली रियासत गेली, फौज हिंदुस्थानच्या फौजेत मिसळली. तंबू मात्र कोणालाच नको होते. ते कोठारात राहिले, आणि त्यांच्याबरोबर मी, कोठाराचा दारोगा. आठाचे पाच खलाशी झाले, पाचाचे दोन. आता एकटा रामदीन. दोघांत ओली छोलदारी उचलून दाखवावी कोणी.

पन्नास सालानंतर वरच्या थप्प्या उघडल्याच नाहीत. दर मार्चमध्ये कागद येतो — मालाची स्थिती लिहा. ‘खराब’ लिहिलं की कोठार बंद. कोठार बंद की मी बंद. मी लिहिलं — दुरुस्त. पाच वर्षं तेच लिहिलं.

सोमवारी गठ्ठे उघडायचे.

सोमवार, २३ ऑगस्ट

तीस उघडल्या. चांगल्या अकरा.

मंगळवार, २४ ऑगस्ट

सगळ्या उघडून झाल्या. चौतीस चांगल्या. शहाऐंशींना वाळवी, बुरशी, उंदीर. एका गठ्ठ्याला हात घातला तर कापड ओल्या पापडासारखं हातात आलं.

रामदीन सगळं बघत होता. तो माझ्यापेक्षा शहाणा. म्हणाला, “बाँध के भेज दो दारोगाजी. परदेस में कौन देखने बैठा है. वहाँ से सिकायत आने तक हम दोनों रिटायर.”

संध्याकाळपर्यंत आम्ही दोघांनी वीस बांधल्या. वरची घडी चांगली, आत खराब. मीच चिठ्ठ्या लावल्या.

बुधवार, २५ ऑगस्ट

आज दुपारी धो धो पाऊस. मनात काय आलं कोण जाणे — कालच्या विसांतली एक सोडली आणि अंगणात उभी करायला लावली. रामदीनला वाटलं म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. उभी राहिली. लांबून बघितलं तर कोणी नावं ठेवली नसती.

मी आत जाऊन बसलो.

आधी माथ्याच्या शिवणीतून थेंब आला. मग धार. मग शिवण उसवत उसवत खालपर्यंत गेली आणि अर्धं छप्पर माझ्या खांद्यावर आलं. पाव तासाच्या आत. मी भिजून चिंब, तरी बसून राहिलो. मला जायला माधवगंजातली कोरडी खोली आहे. जे हिची वाट बघत असतील त्यांना नाही. लेकराला घेऊन बाई आत शिरेल, म्हणेल सुटलो एकदाचे — आणि पाव तासात हे.

रामदीन छत्री घेऊन आला. आत डोकावून म्हणाला, “इसमें तो बकरी भी न बैठे.”

वीसच्या वीस सोडवल्या.

गुरुवार, २६ ऑगस्ट

मुकुंदरावांच्या कचेरीत गेलो. हातानं लिहिलेला कागद पुढं ठेवला. चौतीस चांगल्या, शहाऐंशी खराब, पाच वर्षं मी खोटा अहवाल दिला, खाली सही.

त्यांनी दोनदा वाचला. कागद पुन्हा माझ्याकडे सरकवला. “कान्होजीराव, हा मी घेतला तर मला वर पाठवावा लागेल. समजताय ना? चौकशी लागेल. कोठारही राहणार नाही. हे प्रांतरचनेचं कमिशन फिरतंय, अशा वेळी तर काय, जुनी खाती मोडायला निमित्तच हवं असतं.”

“समजतं, साहेब.”

“मग?”

“मग काय. चौतीस जातील. बाकीच्यांत माणूस ठेवता येत नाही.”

त्यांनी कागद घेतला. खिडकीबाहेर बघत म्हणाले, “मी एकशेवीसचा शब्द दिलाय हो.” रागावले असते तर बरं वाटलं असतं. ते नुसते थकल्यासारखे दिसले.

निघताना मीच म्हणालो — खराब दोन-तीन फाडून चांगल्या तुकड्यांची एक करता येईल. पंधरा दिवस द्या. साहेब म्हणाले, “शिवणार कोण?”

शुक्रवार, २७ ऑगस्ट

मुरारचे दर्जी नाही म्हणाले. सदरा, पायजमा कितीही आणा म्हणतात. तंबूचं जाड कापड यंत्राखाली जात नाही, सुई मोडते. खरं आहे. छोलदारी हातानंच शिवायची, दाभणानं, मेण लावलेल्या दोऱ्यानं. कडेला दोर आत घेऊन जो टाका मारतात तो येणारी माणसं आता राहिली नाहीत.

एक घर ठाऊक आहे. तिथं मला जाता येत नाही.

रविवार, २९ ऑगस्ट

काल इकडं काही लिहिलं नाही. आता लिहितोच.

दौलतसिंह खराडे आणि मी एकाच साली फौजेच्या तंबूखात्यात लागलो. तो शिवणारा, मी सांभाळणारा. बावीस वर्षं एकाच झाडाखाली डबा खाल्ला. माझी बायको लग्नानंतर दोन वर्षांत गेली, मूलबाळ नाही. सणावाराला हजीऱ्याच्या वस्तीत त्याच्याच घरी जेवायचो. मंदावहिनी मला भाऊजी म्हणायच्या. त्याच्या दोन्ही मुली माझ्या मांडीवर वाढल्या.

अठ्ठेचाळीस साली आमच्या जुन्या साहेबांनी सांगितलं, दोघांतला एकच ठेवायचाय. दौलतसिंहाबद्दल शेरा लिहून द्या म्हणाले. मी लिहिलं — नजर मंद झाली आहे, बारीक कामास योग्य नाही. नजर थोडी मंद झाली होती, खोटं नाही. पण तो डोळे मिटून शिवायचा. ते मी लिहिलं नाही.

त्याला घरी पाठवलं. मी राहिलो. तो हजीऱ्याच्या एका दुकानात पोती शिवायला लागला. मी त्या रस्त्यानं जाणं सोडलं. एक्कावन्न साली तापानं गेला. मी मयतीला गेलो नाही, दहाव्याला गेलो नाही.

तो टाका त्यानं एकाच माणसाला शिकवला होता.

सोमवार, ३० ऑगस्ट

गेलो.

सायकल गल्लीच्या तोंडाशीच ठेवली. अंगणात मंदावहिनी गोधडीला टाके घालत होत्या. केस पांढरे झालेत. मान वर करून बघितलं आणि पुन्हा खाली घातली.

“दारोगासाहेब, वाट चुकलात?”

भाऊजी नाही. दारोगासाहेब. मी उभाच. सगळं एका दमात सांगून टाकलं — नेपाळ, पूर, छोलदाऱ्या, माझा खोटा अहवाल. शेऱ्याचं तेवढं सोडून.

त्यांनी विचारलं, “किती माणसं असतील?”

“एका छोलदारीत एक घर मावतं. दाटीनं दोन.”

“पाऊस अजून आहे का तिकडं?”

“आहे म्हणतात. मग थंडी. डोंगरातली.”

गोधडी घडी करून ठेवली. म्हणाल्या, “उद्यापासून येते. गल्लीतल्या चौघींना घेऊन येते, त्यांना मी टाका दाखवीन. पण एक ऐका. तुम्ही कापायचं, माप सांगायचं. बाकी आमच्याशी बोलायचं नाही.”

“बरं,” म्हटलं.

पाणीसुद्धा विचारलं नाही.

बुधवार, १ सप्टेंबर

गणेश चतुर्थी. तरी आल्या. घरची पूजा आटोपून, अकराला. पाचही जणी टांग्यातून. कोठारात सहा वर्षांत इतके आवाज झाले नव्हते.

मी कापतो. जमिनीवर खराब छोलदारी पसरायची, हातानं चाचपत जायचं, कुजकं कुठवर आणि बळकट कुठून ते बोटांना कळतं. तिथं खडूची रेघ.

शुक्रवार, ३ सप्टेंबर

सहा झाल्या.

रविवार, ५ सप्टेंबर

सुट्टी नाही घेतली कोणी. उषाताई म्हणून एक आहेत, त्यांच्या बोलण्याला खळ नाही. अर्धं मराठी, अर्धं हिंदी. दाभण बोटात घुसलं तरी तोंड चालूच. आज मला विचारलं, “दारोगासाहेब, ये नेपाळ अपने राज में आता है क्या?”

मी म्हटलं, “नाही. परका मुलूख आहे.”

“मग आपलं सरकार का देतंय?”

मंदावहिनीच बोलल्या, मान खाली घालूनच. “पाण्याला कुठं कळतं मुलूख कुणाचा.”

त्या बोलल्या म्हणून मला बरं वाटलं. माझ्याशी बोलल्या नव्हत्या, तरी.

मंगळवार, ७ सप्टेंबर

एकवीस. मुकुंदराव येऊन गेले. जमिनीवर मांडी घालून बसले, दोर आत घेतलेली कड बोटांनी ओढून ओढून बघितली. “ये तो नए से अच्छा है,” म्हणाले. मग मला बाजूला घेऊन हळूच — “आपला कागद वर गेला.”

बुधवार, ८ सप्टेंबर

दुपारी जेवणाच्या वेळी बायका बाहेर लिंबाखाली बसतात. मी आत. भाकरी, लसणाची चटणी. पंधरा हातांवर पाच माणसं हसताहेत आणि मधे भिंत. गेली सहा वर्षं इथं एकटाच जेवतोय. तेव्हा इतकं एकटं वाटलं नव्हतं.

गुरुवार, ९ सप्टेंबर

आज सांगितलं.

बाकीच्या पाणी प्यायला गेल्या होत्या. मंदावहिनी शेवटच्या कोपऱ्याला टाके घालत होत्या. मी कात्री खाली ठेवली. म्हटलं, “वहिनी, बोलायचं नाही असं ठरलंय. पण हे एक. दौलतसिंहाच्या नजरेचा तो शेरा मी लिहिला होता. त्यामुळे त्याची नोकरी गेली.”

दाभण थांबलं नाही. एक टाका. दुसरा. तिसरा. मला वाटलं ऐकूच गेलं नाही. मग म्हणाल्या, “दोरा संपला. द्या.”

दोरा दिला. त्यांनी मेण लावलं, दाभणात ओवला, शिवायला लागल्या.

तेवढ्यात उषाताई बडबडत आत आल्या. मी अंगणात जाऊन उभा राहिलो.

शनिवार, ११ सप्टेंबर

गेल्या.

चौतीस जुन्या, सदतीस नव्यानं शिवलेल्या. एकाहत्तर. एकशेवीस नव्हेत, पण एकाहत्तर खऱ्या. सकाळी मालगाडीच्या दोन वाघिणी भरल्या. रामदीननं प्रत्येक गठ्ठ्यावर थाप मारली, बैलाच्या पाठीवर मारतात तशी. झाशी, कानपूर, मग उत्तरेला रक्सौलपर्यंत रेल्वे, तिथून पलीकडे नेपाळ. मी झाशीच्या पुढं कधी गेलो नाही.

बायका स्टेशनावर आल्या होत्या. अनंत चतुर्दशी, रस्त्यात विसर्जनाची गर्दी, तरी आल्या. गाडी हलली तेव्हा उषाताईंनी हात जोडले. मंदावहिनी नुसत्या बघत राहिल्या. शेवटचा डबा वळणाआड गेला, मग चौघींबरोबर टांग्यात बसून निघून गेल्या. माझ्याकडे बघितलं नाही.

काम संपलं. त्यांना आता कोठारात यायचं कारण नाही.

सोमवार, १३ सप्टेंबर

सवयीनं खडू हातात घेतला. रेघ मारायला काही नाही.

शुक्रवार, १७ सप्टेंबर

मुकुंदराव आले. जीप बाहेर चालूच ठेवली, म्हणजे बसायचं नव्हतं. कागद दिला. कोठार बंद. उरलेला माल लिलावात. रामदीनला पाणीखात्यात घेतलंय. मी १ ऑक्टोबरपासून निवृत्त. चौकशीचं नाव नाही.

“चौकशी मी बंद करवली असं समजू नका,” म्हणाले. “कोठारच राहिलं नाही, तर चौकशी कशाची करणार असं वरचं म्हणणं.” मग — “रक्सौलहून तार आहे. तंबू पोचले. डोंगराकडे नेताहेत.”

“उभे करता येतील ना त्यांना?” मी विचारलं. “मधला बांबू आधी, मग मेखा. लोक उलटं करतात.”

“लिहून द्या. मी पाठवतो.”

कोठाराच्या उंबऱ्यावर बसून लिहिलं. हिंदीत, सोप्या शब्दांत, आकृती काढून. दोन पानं झाली. माझ्या हातचा शेवटचा सरकारी कागद. आणि त्यात सगळं खरं.

रविवार, १९ सप्टेंबर

दिवसभर खोलीत. माधवगंजात इतकी माणसं, जिन्यावर पावलं वाजतात, कोणाचीच आपल्या दाराशी थांबत नाहीत. कोल्हापूरच्या बहिणीला पत्र लिहायला घेतलं. ‘आता मोकळा आहे’ एवढं लिहिलं, आणि पुढं काय लिहायचं ते सुचेना.

सोमवार, २० सप्टेंबर

दुपारी कडी वाजली. दारात दौलतसिंहाची धाकटी, सुधा. परकरी पोर असताना शेवटची बघितलेली, आता पदर सावरून उभी. म्हणाली, “काका, परवा दशमी. बाबांचं श्राद्ध आहे. आईनं तुम्हाला जेवायला बोलावलंय. नक्की या म्हणालीय.”

आणि माझ्या तोंडाकडे बघून भ्याली बिचारी. “काका, तबीयत ठीक आहे ना?”

बुधवार, २२ सप्टेंबर

गेलो होतो. पानावर बसवलं. मंदावहिनींनी स्वतः वाढलं. खीर घालता घालता म्हणाल्या, “भाऊजी, तुमच्या त्या शेऱ्याआधी चार दिवस जुन्या साहेबांनी यांना बोलावलं होतं. दोघांतला कोण ठेवू, तूच सांग म्हणाले. यांनी तुमचं नाव सांगितलं. शेरा नुसता कागद भरायला घेतला. घरी येऊन मला म्हणाले — शिवणारा हात कुठंही पोट भरेल. कान्होजीला कोठाराशिवाय काय येतं? आणि घरी तरी कोण आहे त्याला? म्हणाले, तो सणाला येईल तेव्हा सांगू.”

मग म्हणाल्या, “सहा वर्षं वाट बघितली तुमची. तीन त्यांनी, तीन मी.”